जन्म उल्हासनगर येथे झाला असून

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. मी पायरी चढत नाही, पायरीच्या बाजूला टेबल टाकून बसते. उल्हासनगरात, कोर्टाच्या भिंतीला लागून, निळ्या ताडपत्रीखाली, बावीस वर्षं झाली. सुरुवातीला टाइपरायटर होता. मग कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, आणि पावसाळ्यात दोघांवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद आला. वीज मागच्या झेरॉक्सवाल्याची. लोक मला टाइपिस्टबाई म्हणतात, दुकानदार मॅडम म्हणतात, आणि अंबरनाथला माझी भावजय चार बायकांत सांगते की आमच्या वन्सं कोर्टात असतात. मीही कधी ते खोडून काढलं नाही.

काम प्रतिज्ञापत्रांचं. कुणाचं लग्नाचं सर्टिफिकेट हरवलेलं असतं, कुणाला गॅस हवा असतो, कुणाला बँकेत खातं उघडायचं असतं आणि बँकवाला म्हणतो राहण्याचा पुरावा आणा. मजकूर मी करते. पलीकडच्या खोलीत नोटरीसाहेब बसतात, ते शिक्का मारतात. दिवसाला तीस-चाळीस कागद निघतात, त्यामुळे प्रत्येकाचं चरित्र ऐकत बसायला कुणालाच वेळ नसतो. या भिंतीला लागून बसणाऱ्या आम्हा सगळ्यांची एकच रीत आहे. कॉम्प्युटरमध्ये एक फॉरमॅट ठेवायचा, नाव बदलायचं, वय बदलायचं, पत्ता बदलायचा, छापायचं. बाकीचं जसंच्या तसं.

माझ्या फॉरमॅटमध्ये दुसऱ्या ओळीत एक वाक्य होतं. माझा जन्म उल्हासनगर येथे झाला असून मी जन्मापासून येथेच राहत आहे. सुरुवातीला माझी गिऱ्हाइकं कॅम्पातली सिंधी मुलं होती, त्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. पुढे युपीचे आले, बिहारचे आले, बंगालचे आले, कोकणातले, देशावरचे आले. वाक्य तिथेच राहिलं. कुणी हरकत घेतली नाही. उलट त्या वाक्याने कामं भराभर होतात, असा माझा अनुभव होता. खिडकीतला बाबू इथला जन्म वाचला की पुढचं वाचत नाही.

हरकत घेतली ती एकानेच. सहा-सात वर्षं झाली असतील. पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवण्याचा एक गाळा आहे, तिथला बंगाली कारीगर. बारीक, पंचविशीतला, बोटांना निळा रंग. त्याला बँकेचं खातं उघडायचं होतं. मी रिवाजाप्रमाणे मजकूर घडाघडा वाचून दाखवला, तर तो मान हलवायच्या ऐवजी म्हणाला, “मैडम, जनम तो उधर हुआ, गाँव में.”

जेवणाची वेळ होती. मागे सातजण उभे होते. मी म्हटलं, “रहने दो, फॉरमॅट है. सबका यही होता है.”

तो हसला आणि त्याने सही केली. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

गेल्या वर्षा-दीड वर्षात हवा बदलली. मी वर्तमानपत्र वाचणारी बाई, पण मला ते वर्तमानपत्रातून नाही, टेबलावर बसून कळलं. खोली भाड्याने देणारे पोलिसांचा फॉर्म भरून घ्यायला येऊ लागले, आणि भाडेकरू कुठला, हे विचारल्यावर आवाज खाली घ्यायला लागले. गाळ्यांमधले कारीगर दुपारी चहाला बाहेर येत, फोनवर घरी मोठमोठ्याने बोलत, त्याने माझं डोकं उठायचं. ते फोनवर बोलेनासे झाले. मग चहालाही येईनासे झाले. चहावाला म्हणाला, आता किटली आत मागवतात. एवढी शांतता मी बावीस वर्षं मागत होते, पण ती मिळाल्यावर मला बरं वाटलं नाही.

एका सोमवारी दुपारी त्या गाळ्यावर पोलिसांची गाडी आली आणि चौघांना घेऊन गेली. चौघेही बंगाली बोलणारे, म्हणून बांगलादेशी असल्याचा संशय; त्यांत तो कारीगरही होता.

मंगळवारी त्याची बायको माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी तिला ओळखलं नाही. गाळ्यांतून जीन्सचे गठ्ठे घरी आणून धागे कापणाऱ्या कितीतरी बायका तिकडे आहेत, त्यातली एक. तिने प्लॅस्टिकची फाइल पुढे केली. आधार, गावचं मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि सगळ्यांत खाली माझा कागद, नोटरीसाहेबांच्या गोल शिक्क्यासकट.

“हमारा आदमी फोन पे बोला, टाइपवाली मैडम के पास जाओ. साहब बोलता है, एक कागज में जनम बंगाल का, एक कागज में इधर का. दोनों में एक तो झूठा है. तो बाकी भी झूठा होगा. शनिवार को गाड़ी जाएगा.”

“कुठे जाएगा?”

“बॉर्डर. उधर छोड़ देगा. मैडम, उधर हमारा कोई नहीं है. वो तो कभी बॉर्डर देखा भी नहीं.”

माझी एक खोड घरात सगळ्यांना माहीत आहे. मला भीती वाटली की राग येतो. मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, सही करताना झोपला होता का तो? एवढे कागद आहेत तर मूळ दाखले दाखवा, माझ्याकडे काय काम? वकील करा. ती ऐकत उभी राहिली. मग ओढणीने डोळे न पुसता, फाइल नीट बंद करून, ती म्हणाली, “वो बोला था आपको. उसको याद है, क्या बोला था.”

मलाही आठवत होतं. ती गेल्यावर मी कॉम्प्युटरमध्ये शोधलं. नाव टाकल्याबरोबर कागद उघडला आणि दुसरी ओळ समोर आली.

कोर्टाच्या भिंतीला टेकून बावीस वर्षं काढल्यावर थोडा कायदा अंगात मुरतोच. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं असतं, हे इथला चहावालाही सांगेल. म्हणून संध्याकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्या एका ओळखीच्या हवालदाराला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो मिशीतल्या मिशीत हसला. “अटक नाय ओ मॅडम. बसवलंय फक्त. व्हेरिफिकेशन चालूय.”

बसवलंय. बंद पडलेल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चौघांना बसवलं होतं. फोन काढून घेतले होते, दिवसातून एकदा दोन मिनिटं देत होते. अटकच नाही, तर चोवीस तास कुठून मोजायचे? त्या रात्री मला झोप लागली, हे सांगायला लाज वाटते, पण लागली. मी स्वतःला सांगितलं की पोलिसांनी बंगालला पत्र पाठवलं असेल, त्याचं उत्तर येईल आणि सुटेल तो.

बुधवारी गाळ्यावर गेले. शेठ सिंधी, माझ्याच वयाचा, त्याच्या दोन मुलांचे कागद मीच केलेले. एरवी तिथे गेलं तर मशीनच्या आवाजात आपलंच बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी निम्म्या मशीनवर चादरी टाकलेल्या होत्या. शेठने स्वतः उठून शटर अर्धं खाली ओढलं.

“मैडम, मेरा दादा पार्टीशन में बिना कागज के आया था. मिलिटरी की बैरक में डाल दिया, एक नंबर दे दिया, वही हमारा कागज. मैं क्या नहीं समझता, साईं?”

“मग जाऊन सांगा ना, तुमच्याकडे सात वर्षं कामाला आहे म्हणून. हजेरीपट दाखवा.”

त्याने शटरकडे बघितलं. मग म्हणाला की हजेरीपट नाही. होता, सोमवारी संध्याकाळी फाडला. चौघांचं नाव असलेली पानं तेवढी. त्याने ते सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि मी त्याला बोल लावू शकले नाही, कारण माझ्या पिशवीत माझा कागद होता आणि तो मी अजून कुणाला दाखवला नव्हता. खाई त्याला खवखवे, आम्ही दोघंही खवखवत होतो.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर वर्षी संविधान दिनाला उद्देशिका मी वाचते. आवाज खणखणीत आहे म्हणून. माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. सोलापूरकडून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले आणि इथलेच झाले. ते म्हणत, आपल्याला गावात पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, आणि आता आपण या देशात कुठल्याही गावी, कुठल्याही राज्यात जाऊन घर मांडू शकतो, कुणाच्या बापाला विचारायला नको. हे सगळे हक्क त्यांना तोंडपाठ होते, आणि ते पाठ म्हणताना त्यांच्या मानेची शीर फुगायची. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. गुरुवारी रात्री जेवताना मला त्यांची ती शीर आठवली. आमच्या बाबाला सोलापूरहून इथे येताना कुणी अडवलं नाही आणि त्या पोराला सात वर्षांनी अडवलं, याचं कारण काय, तर एक वाक्य. आणि ते वाक्य बाबाच्या पोरीने लिहिलेलं, कंटाळा आला म्हणून.

शुक्रवारी सकाळी मी नोटरीसाहेबांना सांगितलं की मी पोलिसांकडे जाऊन लिहून देणार आहे.

ते भले गृहस्थ. माझं टेबल महानगरपालिकेच्या लोकांनी दोनदा उचललं, तेव्हा दोनदा त्यांनीच सोडवून आणलं होतं. त्यांनी पंखा बंद केला, दार लोटलं आणि अगदी शांतपणे मला समजावलं.

“बाई, टाइप तुम्ही केलं, शिक्का मी मारला, पण शपथ कुणी घेतली? त्याने. सही कुणाची? त्याची. कायद्याने खोटं कोण बोललं? तो. आपण कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?”

“साहेब, तो म्हणत होता मला, जन्म तिकडचा आहे म्हणून.”

“ते कुठे लिहिलंय?”

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी दार उघडून बाहेर आले. ते मागून म्हणाले, “माझं नाव घेऊ नका एवढंच सांगतो.” मी घेणार नव्हतेच, पण त्यांनी ते सांगितलं याचं मला फार वाईट वाटलं.

अधिकारी तरुण होता, मराठी, बोलायला मऊ. मला ओरडणारा माणूस अपेक्षित होता, त्याच्यासाठी मी रिक्षात बसून वाक्यं तयार केली होती. तो उठून उभा राहिला, ताई म्हणाला, पाणी मागवलं. मी माझं सांगितलं. तो स्वतःच्या हाताने लिहून घेत होता, अक्षर सुरेख होतं.

“म्हणजे हे वाक्य त्याने सांगितलेलं नाही?”

“नाही. त्याने उलट सांगितलं होतं, जन्म गावाकडचा म्हणून. मीच म्हटलं राहू दे.”

“का?”

“कंटाळा आला होता. जेवणाची वेळ होती.”

त्याने तेही लिहून घेतलं. मग हळूच म्हणाला, “ताई, म्हणजे खोटी माहिती तुम्ही घातलीत.”

इथे माझं डोकं फिरलं. चार दिवसांची भीती, झोप लागल्याची लाज, शेठची फाडलेली पानं, सगळं एकदम वर आलं. मला वाटलं, हा मला गुन्हेगार ठरवतोय, आणि याला आमच्या कामाची काडीची माहिती नाही.

“खोटं नाही ओ साहेब, फॉरमॅट आहे तो! माझ्या टेबलावर बावीस वर्षांत जो जो माणूस आला, त्या एकूण एक माणसाच्या कागदात हेच वाक्य आहे. युपीवाले, बिहारवाले, बंगाली, सगळे. सगळ्यांचा जन्म मी उल्हासनगरात केलाय. आता काय, त्या सगळ्यांना धरणार आहात का?”

हे मी मोठ्या तोऱ्यात विचारलं. माझं म्हणणं असं की जे वाक्य सगळ्यांच्या कागदात आहे, त्याला काही अर्थच नाही, म्हणून ते एकट्यावर लावू नका. माझ्या मते मुद्दा बिनतोड होता. मला वाटलं, आता हा हसेल.

त्याने पेनाला टोपण लावलं. “सगळ्यांचे कागद आहेत तुमच्याकडे?”

“कॉम्प्युटरमध्ये असतात ना.”

“कॉम्प्युटर कुठे असतो तुमचा?”

तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते. मी म्हटलं, जुना आहे, बिघडलेला आहे, बरेच कागद उडालेत. तो मान हलवत ऐकत होता. मला पुन्हा पाणी विचारलं. त्याने दोन शिपाई माझ्याबरोबर दिले, आणि मी त्यांच्यासोबत त्यांच्याच गाडीतून माझ्या टेबलापर्यंत आले. कॉम्प्युटर त्यांनी उचलला, पंचनाम्यावर झेरॉक्सवाल्याची सही घेतली. नोटरीसाहेबांच्या खोलीचं दार बंद होतं, आत पंखा चालू होता.

शनिवारी तो कारीगर सुटला. अधिकाऱ्याने त्याचं काम नीट केलं म्हणायला हवं. माझ्या जबाबामुळे दोन जन्मांतला एक गळला, आणि गावच्या शाळेतल्या मास्तरने दाखल-रजिस्टरच्या पानाचा फोटो मोबाइलवर पाठवला. संध्याकाळी त्याची बायको धावत आली आणि माझ्या पायांना हात लावायला वाकली. मी तिला धरलं. ती रडत होती आणि हसत होती. “आप सच बोला, इसलिए छूटा,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाकीच्या तिघांचं काय झालं, ते तिला माहीत नव्हतं. गाडी मात्र ठरल्याप्रमाणे निघाली होती. मी तिला कॉम्प्युटरचं सांगितलं नाही.

सोमवारी मी उसना टाइपरायटर आणून बसले. प्रत्येकाला जन्म कुठला ते विचारून, तेच लिहायचं, असं ठरवलं होतं. गिऱ्हाईक आलं नाही. दुपारपर्यंत बातमी फिरली होती. विठ्ठलवाडीकडच्या चाळींमध्ये यादी घेऊन माणसं फिरतायत, यादीत नाव, वय, पत्ता, सगळं टाइप केलेलं आहे, खोली नंबरसकट. पत्ते मी नेहमी नीट घालते, चाळीच्या कुठल्या बाजूने कितवं दार, तेही घालते. त्याचा मला अभिमान होता.

चहावाल्याने माझ्यासमोर ग्लास ठेवला आणि पुढे गेला. त्याचाही कागद मीच केला होता. मला पळून जावंसं वाटत होतं, आणि मी बसून होते.

मंगळवारी सकाळी तो कारीगर आला. सुटल्यानंतर मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. दाढी वाढलेली, सहा दिवसांत गाल बसलेले. मला वाटलं, आभार मानायला आला असेल, आणि मी मनातल्या मनात ते नको म्हणायची तयारी केली.

“मैडम, सुबह घर पे आया था वो लोग. मेरा नहीं, बीवी का नाम है लिस्ट में.”

मी टाइपरायटरवरचा हात काढला.

“गैस का टाइम आपने बनाया था उसका कागज. दो साल पहले.”

गॅस बाईच्या नावावर मिळतो. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या टेबलाशी येऊन गेली असणार, मी तोंड वर करून बघितलंही नसणार. तिने हरकत घेतली नसेल. नवऱ्याला मिळालेलं उत्तर तिला माहीत असेल.

“मग दाखव ना तिचे कागद,” मी म्हटलं. “तुझे दाखवले तसे. शाळेचा दाखला, गावचं...”

“वो स्कूल नहीं गया, मैडम. घर में पैदा हुआ. बाप मर गया. और उसका गाँव अभी नहीं है. नदी में चला गया, पूरा. स्कूल, पंचायत, सब. आधार इधर का बना है, शादी का बाद.” तो एकेक शब्द सावकाश बोलत होता, जणू मला नाही, त्या अधिकाऱ्याला सांगायचा सराव करत होता. “आप बोलो, मैडम. लिस्ट में उसका नाम आप दिया?”

“हो,” मी म्हटलं. “मीच दिलं.”

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने नुसती मान हलवली. मग टेबलावर दोन्ही हात टेकून तो वाकला आणि अगदी हळू, मागच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्याने विचारलं, “ग्यारह बजे बुलाया है उसको. जनम किधर हुआ पूछेगा, तो क्या बोले? सच बोले?”

चार दिवसांपूर्वी मी खरं बोलून याला सोडवला होता. याच्या बायकोने त्यासाठी माझ्या पायाला हात लावला होता. आता माझ्याने त्याला ‘खरं सांगा’ म्हणवत नव्हतं, कारण तिचं खरं नदीत गेलं होतं. आणि ‘खोटं सांगा’ म्हणण्याची माझी हिंमत नव्हती, कारण ते खोटं माझ्याच अक्षरात त्यांच्या टेबलावर पडलेलं होतं. विहारात खणखणीत आवाजात वाचणारी मी, टाइपरायटरमधला कोरा कागद सरळ करत बसले. समोर रस्त्यापलीकडे ती उभी होती, तीच प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून, आणि आमच्याकडे बघत होती.

कोर्टाच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

“मैडम,” तो म्हणाला, “जल्दी बोलो.”